टेबलावरून

अक्षर बरं आहे म्हणून मला बसवतात स्कोअरच्या टेबलावर.
एरवी मी दुसऱ्या मजल्यावर, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये,
ब्युरेट मोजून देते, मोजून घेते,
फुटलं तर रजिस्टरात नाव आणि रक्कम.

फायनल होती. टेकडीखालचं आपलं सिमेंटचं कोर्ट,
एका बाजूचं जाळं फाटलेलं,
बॉल आत गेला की नाही, रिंगच्या आवाजावरून ठरवायचं.
अकरा सेकंद. एकसष्ट–साठ, आपण पुढे.
निनाद लडकतने बॉल घेतला, वळला,
आणि बिडकरांची शिट्टी. ट्रॅव्हलिंग.
इथवर कुणाचंच भांडण नाही. पाय उचललाच होता पोराने.

बिडकर पाठमोरे झाले
आणि मागून आले दोन शब्द:
काय राव!

गर्रकन फिरले. हाताचा टी.
एक फ्री थ्रो, आत.
बॉल तसाही त्यांचाच होता.
एकसष्ट–त्रेसष्टवर मी शीट बंद केलं, खाली दोन रेघा ओढल्या.
लडकतच्या नावापुढचा टी
सुरेख आलाय. लाल, वळणदार.

सोळा दिवस झाले, कॉलेज हेच चघळतंय.
पार्किंगमध्ये, झेरॉक्सच्या रांगेत,
नळ स्टॉपच्या अमृततुल्यात दुसरा कटिंग थंड होईपर्यंत.
जिमखान्याचे घारपुरे सर नियमपुस्तक काखेत घेऊनच फिरतात:
अनादर म्हणजे अनादर, शब्द कुठला का असेना.
मराठीच्या उंब्रजकर मॅडमनी स्टाफरूममध्ये निकाल दिला:
राव हे आदरार्थी आहे.
शनिवारवाड्याच्या गावात
माणसाला राव म्हटलं म्हणून दंड?
त्यावर स्टॅटिस्टिक्सचे एक जण, डबा बंद करता करता,
की मॅडम, खोट 'राव'मध्ये नाही, 'काय'मध्ये आहे.
पुढे प्रश्नचिन्ह होतं की उद्गारचिन्ह, ते सांगा.

बिडकर बँकेत असतात, कर्वे रोडच्या शाखेत.
पोरं तिथे जाऊन उगाच पासबुक भरून घेतात
आणि काउंटरवर वाकून म्हणतात, काय राव.
ते वर न बघता शिक्का मारतात.

मला कुणी विचारलं नाही.
तीन फुटांवर होते मी.
टेबलावरच्या बाईला कान असतात
हे नियमपुस्तकात नसावं.

लडकत म्हणाला होता फक्त: काय?
विचारत होता तो. कुठला पाय, इतकंच.
राव माझा होता.

निसटला.
चाळीस मिनिटं आकडे लिहीत होते,
दोन्हीकडचे सारख्याच आकाराचे,
आणि शेवटी शेवटी तोंडातून हे.
त्याचं अर्धं, माझं अर्धं,
बिडकरांच्या पाठीला एकच वाक्य ऐकू गेलं.
त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही मला.

शिट्टीनंतर लडकत मागे वळून शोधत होता,
बेंचवर, कठड्यावरच्या पोरांत.
टेबलाकडे नाही बघितलं.
टेबलाकडे कोण बघतं.

काल त्याची बॅच होती, टायट्रेशनची.
पिपेट हातातून सुटलं,
शहाबादी फरशीवर फुटून सिंकखालपर्यंत गेलं.
रजिस्टर ओढता ओढता
मी सवयीने म्हणाले, काय राव.

तो काचा गोळा करत होता, उकिडवा.
थांबला.
मान वर करून बघत राहिला माझ्याकडे,
मागच्या टेबलावरची मुलंही गप्प झाली, नळ तेवढा चालू.

काय? तो म्हणाला.

प्रश्नचिन्हच होतं, मॅडम. स्वच्छ ऐकू आलं.

एकशे ऐंशी रुपये, मी म्हणाले,
आणि पेनचं टोपण काढलं.
तारीख लिहिली. वस्तू लिहिली.
मग पुढचा रकाना आला,
नावाचा.